एका श्वासात साठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी एका औषध कंपनीचा माणूस, मी कामाला आहे त्या औषधांच्या दुकानात देऊन गेला होता. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'आपलं हृदय, आमची काळजी'. महिनाभर कोरी पडून होती. आज पहिल्यांदा लिहितोय ते हार्टच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून. कंपनीला आनंद वाटला पाहिजे.

बाबांना सकाळी सव्वासहाला तलावावर अटॅक आला.

बाबा पोहायला शिकवतात. गेली तीस वर्षं. अर्धं गाव त्यांच्यामुळे पाण्यावर तरंगतं आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलाला पोहता येत नाही, हा विनोद आता जुना झाला. सात वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर पाण्यात ढकललं. मी खोकत, रडत बाहेर आलो आणि परत कधी उतरलो नाही. आज बावीस चालू आहे. एकदा नाही म्हटलं की नाही, हा माझा स्वभाव, आणि तो त्यांच्याकडूनच आलाय असं आई म्हणते.

त्यांची एक खुबी आहे. मुलं पाण्याखाली डोकं घालून श्वास धरतात तेव्हा बाबा काठावर वाकून शिडीच्या लोखंडी नळीवर किल्ली आपटत मोजतात. आवाज पाण्यातून खाली जातो, त्यामुळे मुलांना कळतं किती झाले. आणि हे सगळे आकडे ते एका श्वासात म्हणतात. एक ते साठ, मध्ये हवा न घेता. आज चाळिसाला किल्ली हातातून सुटली. आवाज का थांबला म्हणून मुलं वर आली, तर मास्तर फरशीवर.

साडेआठला डॉक्टर बाहेर आले. एक नळी पूर्ण बंद होती, उघडली, जाळीची नळी बसवली, म्हणाले. स्टेंट. मी म्हटलं, मला माहीत आहे स्टेंट म्हणजे काय, मी फार्मसीला होतो. 'होतो' हा शब्द त्यांनी ऐकला असणार.

४ फेब्रुवारी, बुधवार

तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत ती बसते. मला माहीत नव्हतं, असं मी आईला सांगितलं. आठ महिन्यांपासून माहीत आहे.

आम्ही एका वर्गात होतो. तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी तिच्या उत्तरावर सगळ्यांसमोर फिदीफिदी हसून दाखवलं, आणि मी हातातलं जर्नल त्यांच्या अंगावर फेकलं. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी मागितली नाही. कॉलेज सोडलं. ती तेव्हा जिन्यात मला एवढंच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं?" आभार मानायची तिची पद्धत तशीच आहे. आतलं बाहेर दाखवत नाही.

आज खिडकीत मला बघून तिने आधी बाबांचं विचारलं. मग चष्मा वर सरकवला. तीन वेळा सरकवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरी सोडलं.

निघण्याआधी ती वर आली. पेशंटला गोळ्या समजावून सांगणं हे तिचंच काम आहे, पण मी तिला इतका वेळ कुणाच्या पलंगापाशी उभं राहिलेलं बघितलं नाही. बाबांनी विचारलं, ही रक्त पातळ करायची का? ती म्हणाली, पातळ होत नाही काका, रक्त तेवढंच राहतं. त्यात चपट्या पेशी असतात, प्लेटलेट. कुठे जखम दिसली की त्या एकमेकींना चिकटतात आणि गुठळी होते. तुमच्या नळीत आता धातूची जाळी आहे, त्यांना ती जखमच वाटते. तर त्यांना चिकटू द्यायचं नाही.

बाबा म्हणाले, म्हणजे घाबरलेली पोरं पाण्यात एकमेकांचे हात धरून साखळी करतात तसं. मग बुडतात सगळी.

ती हसली. म्हणाली, अगदी तसंच. ॲस्पिरिन त्यांचा एक हात बांधते, टिकाग्रेलोर दुसरा. ॲस्पिरिन दिवसातून एकदा, आयुष्यभर. ही पिवळी टिकाग्रेलोर सकाळ-संध्याकाळ, निदान वर्षभर. एक वेळही चुकवायची नाही, कारण हिचा अंमल लवकर चढतो तसा लवकर उतरतो.

"आणि काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही," असं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाबांना दम लागतो. चालताना नाही, चढताना नाही. नुसतं खुर्चीत बसलेले असतात आणि एकदम तोंड उघडून हवा ओढतात, पाण्यातून वर आल्यासारखी. मग पाच मिनिटांनी ठीक. मग परत.

संध्याकाळी मला कळू नये म्हणून मोरीत जाऊन हळूच मोजत होते. मी दाराला कान लावला. एकतीस.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिची वही माझ्याकडे आहे. औषधशास्त्राची, तिसऱ्या वर्षाची. कॉलेज सोडलं तेव्हा परत करायची राहिली. राहिली म्हणजे मी केली नाही. वर्गात उतरवून घेतलेलं निळ्या शाईत आणि स्वतःला समजावं म्हणून बाजूला हिरव्या शाईत तिचं तिचं. तिचा 'ळ' पोटात जरा फुगीर असतो. दोन वर्षांत ही वही मी चाळली असेल शंभर वेळा, वाचली आज.

या गोळ्यांचं पान आहे तिच्यात. क्लोपिडोग्रेल: जुनी, सगळीकडे चालते, दिवसातून एक. पोटात जाते तेव्हा कच्ची असते, लिव्हर तिला तयार करतं, मग कामाला लागते. काहींचं लिव्हर ते नीट करत नाही. टिकाग्रेलोर: तयारच येते, जोरदार, दोन वेळा. हिरव्या शाईत: 'दम!! बऱ्याच जणांना. फुफ्फुसाला काही झालेलं नसतं, बहुतेकांचा आपोआप कमी होतो. घाबरून बंद करतात आणि तिथे घात होतो.' प्रासुग्रेल: ही पण जोरदार, एकदा. रक्तस्राव जास्त. आधी पक्षाघात झालेल्याला अजिबात नाही, वजन कमी असेल किंवा वय पंचाहत्तरच्या वर असेल तर जपून.

म्हणजे दम फक्त मधलीला. पहिलीला नाही, तिसरीला नाही.

याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक फोन नंबर आहे. पुढे लिहिलंय, 'सातनंतरच'. अक्षर तिचं नाही. हे मला दोन वर्षांत दिसलं कसं नाही? कुणाचा नंबर? सातनंतरच का? त्यापुढे माझं वाचनात लक्ष लागलं नाही. वही मिटली.

११ फेब्रुवारी, बुधवार

सात वाजून पाच मिनिटांनी फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी आवाज चढवून विचारलं, कोण बोलतंय. त्या म्हणाल्या, तूच लावलास ना रे फोन, तूच सांग. शेवटी कळलं, त्या प्रयोगशाळेचे पांढरे एप्रन शिवतात. दिवसभर मशीनवर असतात, म्हणून फोन सातनंतर. छातीचं माप विचारायला लागल्या.

ठेवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दम जास्त. आई घाबरली. मी दुकानातून निघून सरळ खिडकीशी गेलो. तिथे तो धाकटा डॉक्टर कोपर टेकवून उभा होता. बाबांच्या डॉक्टरांच्या हाताखालचा, गळ्यात स्टेथोस्कोप हारासारखा. ती त्याच्याशी कुठल्या तरी यादीवरून बोलत होती. यादीवरून बोलताना एवढं हसायचं काय असतं?

मी म्हटलं, ही गोळी बदलून क्लोपिडोग्रेल द्या. ती म्हणाली, असं नाही करायचं. पहिला महिना सगळ्यात नाजूक असतो, बदलायचीच असेल तर डॉक्टर बदलतील, त्याची एक रीत असते. उद्या काकांना घेऊन ये, मी नंबर लावून ठेवते. मी म्हटलं, रीत मलाही माहीत आहे, मी काही रस्त्यावरून आलेलो नाही.

तो धाकटा डॉक्टर हसत म्हणाला, "अर्धी फार्मसी शिकलेल्या माणसाला मी जास्त घाबरतो. न शिकलेला निदान विचारतो तरी."

ती हसली नाही. पण 'गप्प बसा' असंही म्हणाली नाही त्याला. यादीकडे बघत राहिली.

बाबांना मी नेणार नाही तिथे. त्याच्यासमोर हात जोडून उभं राहायचं?

१४ फेब्रुवारी, शनिवार

बदलली.

डोकं शांत ठेवून, विचार करून बदलली, हे इथे लिहून ठेवतो. रागाचा यात काही संबंध नाही. माझा बाप खुर्चीत बसल्या-बसल्या बुडतोय आणि ते लोक नंबर लावून ठेवतायत.

दुकानात आम्ही रोज हेच करतो. चिठ्ठीवरची गोळी संपलेली असते, मालक म्हणतात, दुसऱ्या कंपनीची दे आणि सांग, तेच आहे, कंपनी वेगळी. गिऱ्हाईक घेऊन जातं. आजवर कुणी परत आलं नाही. मी क्लोपिडोग्रेलची एक पट्टी खिशात टाकली, पंचाहत्तर मिलिग्रॅमची. ॲस्पिरिन आहे तशीच ठेवली. पिवळ्या गोळ्या आतल्या खणात. बाबांना पोटात जळजळतं, म्हणून ओमेप्राझोल पण दिली, दुकानात सगळ्यांना देतो तशी.

सकाळी पिवळीच्या जागी गुलाबी बघून बाबा म्हणाले, ही कुठली? मी म्हटलं, तेच आहे, कंपनी वेगळी. संध्याकाळची कुठे गेली, म्हणाले. मी म्हटलं, हिची एकच पुरते.

त्यांनी गोळी तळहातावर जरा वेळ धरली. मग म्हणाले, "तू शिकलायस. तू म्हणतोस तर ठीक." आणि गिळली.

बाबा मला 'तू शिकलायस' असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दम नाही. दिवसभरात एकदाही नाही. रात्री सलग झोपले. चव्वेचाळीस!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तिचा फोन आला. सोडलेल्या पेशंटना दहा दिवसांनी फोन करायचा असतो म्हणे. सगळ्यांनाच करतात की नाही, मी विचारलं नाही. म्हणाली, शुक्रवारी आला नाहीस, काकांचा दम कसा आहे? मी म्हटलं, गेला. ती म्हणाली, बघ, म्हटलं होतं ना, आपोआप जातो. दोन्ही वेळा घेतायत ना पण?

मी हो म्हटलं.

तिने लगेच फोन ठेवला नाही. तिला आणखी काही म्हणायचं होतं, मला खात्री आहे. मागून कुणीतरी चिठ्ठी पुढे केली असेल, म्हणून ठेवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना तलावावर नेलं. पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बघून यायचं. पोरांनी गराडा घातला. एक चिमुरडी म्हणाली, मास्तर, तुम्ही बारीक झालात, आता तुम्ही बुडाल. बाबा म्हणाले, तू आहेस ना वाचवायला.

मग किल्ली मागून घेतली. आठ-दहा पोरांनी डोकी खाली घातली आणि बाबा वाकून नळीवर ठोकायला लागले. टण्, टण्. पन्नासाला मान लाल झाली. अठ्ठावन्नला थांबले. माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली, दोन राहिले.

परत येताना आईला म्हणाले, पोराने सोडवलं मला त्या गोळीतून. मी पुढे चालत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्या धाकट्या डॉक्टरला हे ऐकवायला पाहिजे होतं.

दोन दिवसांनी खिडकीशी जाऊन तिला सगळं सांगणार. शांतपणे. वही पण परत करेन. कोपऱ्यात माझा नंबर लिहून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा दाढी करत होते. साबण लावलेला, अर्धा गाल झालेला. आरशाच्या खालची फळी धरली, तर फळीसकट खाली आले.

गाडीत त्यांच्या गालावर साबण तसाच होता. आईने पदराने पुसला.

त्याच नळीत. त्याच स्टेंटमध्ये गुठळी. दुसऱ्यांदा आत घेतलंय. अकरा वाजलेत. बाकही तोच आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहायचं, गाळायचं काही नाही.

नळी उघडली, पण वेळ गेला. हृदयाचा पुढचा भाग आता नीट हलत नाही. पडद्यावर दाखवलं मला. बाकीचं हृदय मुठीसारखं उघडतं-मिटतं आणि तो भाग नुसता बाजूच्या ओढीने हलतो, झोपलेल्याचा हात कुणी उचलावा तसा.

सकाळी डॉक्टर पलंगाशी आले. बरोबर धाकटा, आणि औषधांचा तक्ता घेऊन ती. आई पायाशी बसलेली. डॉक्टरांनी विचारलं, मास्तर, गोळ्या कधी बंद केल्या?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच, एकदाच. मग डॉक्टरांना म्हणाले, "आठ दिवस झाले. दम लागायचा हो. पिवळीच सोडून दिली मी. घरात कुणाला सांगितलं नाही."

खोटं बोलताना बाबा कसे दिसतात ते मला माहीत नव्हतं. अगदी खरं बोलल्यासारखेच दिसतात.

डॉक्टर चिडले नाहीत. असं बरेच जण करतात, म्हणाले. मग तिच्याकडे वळले. आपण घाई केली, यांना सोसत नव्हती तर आधीच बदलायला हवी होती. आत्ता टिकाग्रेलोर चालू आहे ती उद्यापासून बंद करू आणि क्लोपिडोग्रेलवर घेऊ. तिने दम लागत नाही, म्हणजे हे घेतील तरी. रोज घेतलेली साधी गोळी न घेतलेल्या भारी गोळीपेक्षा बरी.

ती लिहायला लागली. बाबांनी चादरीखालून माझं मनगट धरलं. जोर नव्हता हातात, पण कशासाठी धरलंय ते कळत होतं. गप्प बस. मिटलंय.

मी गप्प बसलो असतो. खरंच बसलो असतो. पण तिच्या पेनाकडे बघत होतो. तिने 'क्लो' लिहिलं.

"त्यांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या," मी म्हटलं. "क्लोपिडोग्रेलच चालू होती. मी बदलली. एक दिवस चुकली नाही आणि तरी हे झालं."

पेन थांबलं. बाबांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. कधीपासून? चौदा तारखेपासून. पहिल्या दिवशी किती गोळ्या दिल्यास? मी म्हटलं, किती म्हणजे, एक. ॲसिडिटीची कुठली? ओमेप्राझोल. प्रत्येक उत्तराला ती थोडी थोडी खाली बघत गेली. धाकटा डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता. हसला असता तर मी त्याला तिथेच धरला असता. हसला नाही.

ओरडले असते तर बरं झालं असतं. डॉक्टर फक्त म्हणाले, "आत्ता बोललास म्हणून पुढची चूक टळली. मागची नाही टळणार. जा, बाहेर बस."

बाहेर काचेतून दिसत होतं, अर्ध्या उघड्या दारातून ऐकूही येत होतं. बाबांना विचारत होते, कधी हात किंवा पाय लुळा पडला होता का, वाचा गेली होती का? बाबा नाही नाही म्हणत होते. वजन बघितलं. वय विचारलं. अठ्ठावन्न. प्रासुग्रेल देणार. वहीतली तिसरी.

आई बाहेर आली, माझ्याशेजारी बसली नाही. समोरच्या बाकावर बसली.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

कपडे न्यायला घरी आलोय. वही काढली. तेच पान, तोच एप्रनवाल्या बाईंचा नंबर.

पान उलटलं.

मागच्या बाजूला पहिल्याच ओळीपासून हिरवी शाई. 'एकीवरून दुसरीवर नेताना. हे सर सांगत नाहीत, पण यातच माणसं जातात. टिकाग्रेलोरवरून क्लोपिडोग्रेल: पहिला महिना शक्यतो नकोच. न्यायचीच तर शेवटच्या गोळीनंतर चोवीस तासांनी एकदम ६००, म्हणजे पंचाहत्तरच्या आठ. नुसती एक-एक सुरू केली तर तिचा अंमल चढायला दिवस लागतात, तोपर्यंत पेशंट उघडा. आणि सोबत ओमेप्राझोल नको. लिव्हरमध्ये दोघी एकाच दारात अडकतात.'

खाली दुहेरी रेघ. फुगीर पोटाचा 'ळ' आहे एका ठिकाणी. 'वेळ'.

दहा तारखेला मी या पानापासून एक पान दूर होतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांना जाऊन सांगितलं. चिठ्ठीशिवाय पट्टी उचलली तेही सांगितलं. ते बराच वेळ काउंटरवरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मी कंपनी बदल म्हणालो होतो रे. औषध बदल असं कधी म्हणालो?"

उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांना म्हणावं लागलं नाही. मीच चावी ठेवली.

बाबा बोलत नाहीत माझ्याशी. गोळी बदलली म्हणून नव्हे. आईजवळ म्हणाले म्हणे, मी मिटवलं होतं, याला चारचौघांत तोंड उघडायची काय गरज होती. जर्नल फेकलं तेव्हाही हेच, आत्ताही हेच. याला गप्प बसता येत नाही.

जर्नलचं आणि याचं एकच कसं, ते मला कळत नाही. पण वाद घातला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा घरी. आईने गोळ्यांचा डबा तिच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला. तिला पट्टीवरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या सातवीतल्या मुलीला रोज सकाळी बोलावते. ती पोरगी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचते, प्रा-सु-ग्रे-ल. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला असतो. मला कुणी विचारत नाही.

ब्रश केला की बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतं. दाढी आता मशीनने.

२ मार्च, सोमवार

वही परत द्यायला गेलो. खिडकीत तीच होती. तक्रार करेल, वही फाडेल, काय काय मनात होतं. तिने आधी बाबांचं विचारलं. हिरड्यांचं सांगितलं, तर म्हणाली मऊ ब्रश घ्या, आणि रक्त थांबलंच नाही किंवा शौचाला काळं झालं तर लगेच या.

वही पुढे सरकवली. तिने उघडली नाही. परत माझ्याकडे सरकवली.

"तुझ्याकडेच राहू दे," म्हणाली. "मला पाठ आहे."

मग म्हणाली, तेव्हा खिडकीत तू इतक्या जोरात बोलत होतास, की मला पुढचं सांगायचं धैर्य झालं नाही. मी सांगायला हवं होतं. आठ गोळ्यांचं. ते माझ्या डोक्यात रोज येतं.

मी म्हटलं, तुझा काय संबंध? ती म्हणाली, तेच तर मी तुला जिन्यात विचारलं होतं. पुढचा माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. मी बाजूला झालो.

तिला माझी भीती वाटते. हे मी चारदा लिहून चारदा खोडलं. खोडून दिसायचं राहत नाही.

९ मार्च, सोमवार

आज बाबा आपणहून बोलले. म्हणाले, तलावावर चल.

दुपारची वेळ, पोरं नसतात. रखवालदाराने खुर्ची आणून दिली उथळ बाजूला. दारापासून तिथपर्यंत बाबा तीनदा थांबले. पूर्वी आम्ही त्यांच्यामागे पळायचो. बसले, श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, कपडे काढ.

मी म्हटलं, मला येत नाही. ते म्हणाले, माहीत आहे, माझीच चूक आहे ती. ढकललं मी तुला. आज ढकलत नाही, ताकद पण नाही. तूच उतर.

पंधरा वर्षांनी उतरलो. कमरेएवढं पाणी, तरी काठ सोडवेना. बाबांनी शिडी दाखवली. डाव्या हाताने धर, डोकं पूर्ण खाली, डोळे उघडे ठेव, मी मोजतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही नका मोजू. ते म्हणाले, गप्प बसायला शीक जरा.

खाली गेलो. कानात पाणी भरलं आणि सगळं जग लांब गेलं. मग आवाज आला. तीस वर्षं ही पोरं जो आवाज ऐकत आली तो मी पहिल्यांदा ऐकला. टण्. वाटलं होतं त्यापेक्षा जवळून, अगदी कवटीच्या आतून येतो तो. टण्. दोन. टण्. तीन. सातनंतर अंतर वाढलं. नऊ. दहा फार उशिरा आला.

अकरा.

माझ्या छातीत अजून हवा होती. बारावा येईल म्हणून मी खालीच थांबलो. शिडीला हात होता, नळी नुसतीच थंड होती. मीच मनात मोजत राहिलो, बारा, तेरा, चौदा. एकोणिसाला वर आलो.

बाबा खुर्चीत पुढे वाकून दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. तोंड उघडं. मी घाबरून बाहेर यायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने किल्ली माझ्यापुढे धरली.

"इथून तू मोज," म्हणाले. "मी नुसता श्वास घेतो."